तोव्काचांचा वादिम

अडतीस वर्षं मी विल्शांकाच्या शाळेत युक्रेनी भाषा शिकवली, आणि अडतीस वर्षांत एकाही पोराला बारापैकी बारा दिले नाहीत. बारा देवाचे, अकरा माझे, दहापासून खाली तुमचे, असं मी पहिल्याच दिवशी वर्गात सांगून टाकायची. पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी. आज त्यातली निम्मी शुद्ध लिहितात ती माझ्याच धाकानं.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की आता ज्याची गोष्ट सांगणार आहे तो माझा शेवटचा विद्यार्थी. वय वर्षं साठ. डोक्याला टक्कल, नखांत ग्रीस, आणि आमच्या भाषेच्या नावानं पूज्य.

नाव वादिम अर्काद्येविच पोलोझोव. खार्किवला पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको दहा वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही, घरात तो आणि म्हातारी आई. युद्ध सुरू झालं त्या मार्चात त्यांच्या वस्तीवर तोफगोळे पडायला लागले, तेव्हा आईला गोधडीत गुंडाळून गाडीत मागे बसवलं आणि थेट आमच्या गावी घेऊन आला. आमच्या गावी का, तर आईचं हे माहेर. तिच्या भावाचं घर चार वर्षं बंद पडलेलं, किल्ली शेजारच्या झिन्काकडे. आता विल्शांकात एकाही घराला दुसरा मजला नाही. लिफ्टवाल्यानं इथं करायचं काय? पण आठ दिवसांत त्यानं गल्लीतल्या विहिरीचा रहाट खोलला, तेल घातलं, पुन्हा जोडला. दुकानातल्या बायका म्हणाल्या, "चला, निदान बादली तरी वरखाली करतोय."

एप्रिलच्या सुरुवातीला हा माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात टोपी, काखेत कोरी वही.

"येव्दोकिया माकारोव्ना," रशियनमध्ये म्हणाला, "मला युक्रेनी शिकवाल का?"

माझं डोकंच फिरलं. "एक तर माझ्या बापाचं नाव आमच्या भाषेत घे, माकारोव्ना नाही, माकारिव्ना. आणि दुसरं म्हणजे, साठ वर्षं या देशाचं पाणी प्यायलास, तेव्हा कुठे होतास? आता जाग आली होय?"

दुसरा कुणी असता तर पाठ फिरवून गेला असता. हा तिथंच उभा. म्हणाला, "जाग मला नाही आली, माकारिव्ना. आईला आली."

मग बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं. आईला दोन वर्षांपासून विसरभोळेपणा लागला होता. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. खार्किवला तोवर ती त्याच्याशी रशियनच बोलायची, त्याच्या जन्मापासून तेच बोलत आलेली. पण विल्शांकाच्या अंगणात पाय ठेवला, जुन्या नासपतीच्या झाडाला हात लावला आणि तिच्या तोंडातून भलतीच भाषा यायला लागली. आमची. लहानपणची. रशियन चार दिवसांत पुसून गेली, कधी येत नव्हतीच जणू. आई म्हणून ओ देईना, तेव्हा तो तिला "इरिना खारितोनोव्ना, मी आहे, वादिम" म्हणायचा, आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची. इरिना हे तिचं शहरातलं नाव. गावात ती ओरिना. त्यानं कागदावर ते नाव बघितलं होतं, पण त्याला वाटायचं कारकुनाची चूक असेल.

"माझ्या हातचं जेवत नाही ती," तो म्हणाला. "झिन्कानं दूध दिलं तर पिते. मी दिलं की तोंड मिटून घेते. मी कोण ते तिला कळतच नाही. मला तिच्याशी बोलायचंय. तिनं मला एकदा ओळखावं, बस."

मी खडूस आहे, दगड नाही. म्हटलं, "उद्या सकाळी नऊला ये. उशीर झाला तर फाटक बंद."

लोकांना वाटतं त्याला भाषा कळत नसेल. अहो, कळायचं सगळं. खार्किवचा माणूस, रेडिओ ऐकायचा, पाट्या वाचायचा. अडायचं ते तोंड उघडताना. साठ वर्षांचा पुरुष, चुकीचा शब्द बोलायला शरमतो. पोरं चुकतात आणि हसतात, याच्या टकलापर्यंत लाली चढायची. वाक्य सुरू करायचं आमच्या भाषेत, मधेच घसरून रशियनवर जायचं, आणि घसरलोय हे कळायचंही नाही.

मी नियम घातला. जितक्या वेळा घसरशील, तितके ओंडके माझ्या अंगणात फोडायचे. पहिल्या दिवशी सत्तावीस फोडले. दुसऱ्या दिवशी एकतीस, कारण कुऱ्हाड बोटाला लागली आणि शिव्या रशियनमध्ये दिल्या. म्हटलं, "शिव्यासुद्धा मोजल्या जातील." तो म्हणाला, "मग युक्रेनी शिव्या शिकवा की." मी मास्तरीण बाई, पण शिकवल्या. दोनच. त्या त्यानं पहिल्या झटक्यात पाठ केल्या, एकही चूक नाही.

आकडे मात्र शेवटपर्यंत छळत राहिले. माणूस मोजतो त्याच भाषेत, ज्या भाषेत त्यानं बोटं धरून मोजायला सुरुवात केलेली असते. हा ओंडके मोजायचा रशियनमध्ये, म्हणजे शिक्षा भोगतानाच पुन्हा शिक्षा. झिन्का कुंपणावरून हसायची. "अहो मेकॅनिक, जंगल संपेल हो!" मी म्हणायची, "हसू नकोस गं. उखळात डोकं घातलंय त्यानं, आता मुसळाला कसला भितोय?" खरं सांगते, पुढे वीज जाऊ लागली आणि गावभर लोक कुडकुडत होते, तेव्हा माझी भट्टी त्याच्या चुकांवर पेटत होती.

जूनमध्ये मी त्याला म्हटलं, आता आईशी बोल. आम्ही दोघांनी बसून वाक्य तयार केलं होतं. आठ दिवस घोकलं. मी दाराशी उभी राहिले. आई खाटेवर बसली होती, पांढरा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, हात एप्रनच्या खिशात. हा समोर खुर्चीवर ताठ बसला आणि वर्गात उभं राहून म्हणावं तसं म्हणाला, "आदरणीय मातोश्री, मी आपला पुत्र वादिम पोलोझोव. आपली प्रकृती कशी आहे?"

एक चूक नव्हती हो! माझी छाती फुगली.

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "कुणाचा रे तू?"

"मी पोलोझोव. वादिम अर्काद्येविच."

"पोलोझोव? आमच्या गावात पोलोझोव कुणी नाही." तिनं खिशातला हात आणखी आत खुपसला. "तू दप्तरातला ना? तालुक्याहून आलास? घरात काही नाही, बाबा. बघून घे. एक दाणा नाही."

खिशात तिनं पावाचा तुकडा लपवला होता. झिन्काकडून मिळालेला. पोटच्या पोरापासून लपवत होती.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. मी काय केलं म्हणाल? मी म्हटलं, "उच्चार आणखी घासायला हवेत." देवानं मला बुद्धी द्यायला हवी होती, पण मास्तरांना ती उशिरा देतो.

मग आम्ही घासले. उन्हाळाभर घासले, शरदात घासले. मी त्याला जुनी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचायला लावली, व्याकरणाच्या तीन वह्या भरून घेतल्या. आणि तो बोलायला लागला बघा! असं लखलखीत की गावात कुणी बोलत नाही. दुकानात शिरला की बायका म्हणायच्या, "आला गं रेडिओ. रेडिओ, उद्या पाऊस आहे का?" आणि तो टोपी काढून गंभीरपणे सांगायचा, "उद्या ढगाळ हवामानाची शक्यता आहे." एकदा तालुक्याच्या दवाखान्यात आईची औषधं आणायला गेला, तर खिडकीतल्या बाईनं विचारलं, "आपण शिक्षक आहात का?" परत आला तो पदक मिळाल्यासारखा. ही गोष्ट त्यानं मला तीनदा सांगितली आणि मी तीनदा ऐकली. चौथ्यांदा मीच दुकानात सांगितली.

पण घरात उलटंच चाललं होतं. तो जितका शुद्ध, तितकी आई धास्तावलेली. तो दारात दिसला की ती ताठ व्हायची. "आले परत," पुटपुटायची. जेवण त्यानं ठेवलं तर हात लावायची नाही. ताट झिन्कानं उचलून पुन्हा समोर ठेवलं की खायची. हिवाळा संपता संपता तिची मनगटं काठीएवढी झाली. रोज तो जायचा, रोज ती विचारायची, "कुणाचा रे तू?" रोज तो सांगायचा, पोलोझोव. रोज तेच उत्तर, पोलोझोव आमच्यात नाही.

मार्चमध्ये एक दिवस झिन्का माझ्या अंगणात आली. ही झिन्का म्हणजे सत्तरीची बाई, दोन शेळ्या, एक दात आणि गावभरची जीभ. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही मी गावात मास्तरीण व्हायच्या आधी, नाहीतर पाचवीपर्यंत नक्की शिकवली असती.

"माकारिव्ना," कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही त्या माणसाचं वाटोळं केलंत."

"मी? अगं, त्याला मी भाषा दिली!"

"भाषा दिलीत की जाहीर सूचना? चावडीवर कागद डकवलेला असतो ना, तसा बोलतो तो. 'आदरणीय मातोश्री.' तुमच्या आईला कधी म्हणालात आदरणीय मातोश्री? ओरिनानं लहानपणी असं कुणाला बोलताना ऐकलंय, सांगा बरं? त्या मोठ्या लढाईनंतरही धान्य न्यायला जे यायचे ते असं बोलायचे. कागद वाचून. ती घाबरणार नाही तर काय करेल?"

मी म्हणायला गेले, शुद्ध भाषा ती शुद्ध भाषा.

"आणि दुसरं," झिन्का थांबायला तयार नव्हती. "ती विचारते, कुणाचा रे तू. तुम्हाला हे कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? कागदावरचं आडनाव सांगता?"

"नाही," मी म्हटलं. "पिंगळ्यांची म्हणते."

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक घराला कागदावर एक आडनाव आणि गल्लीत दुसरंच. कागदावरचं टपालवाल्याला लागतं, गल्लीतलं सगळ्यांना. माझ्या आजोबांचे डोळे गोल होते, म्हणून आम्ही चार पिढ्या पिंगळे. झिन्काचं घराणं भोपळ्यांचं, का ते तिला विचारू नका. पण एक रीत आहे. गल्लीतलं नाव माणूस आपलं आपण सांगतो, दुसऱ्यानं तोंडावर म्हणायचं नसतं. मागून म्हणावं. तोंडावर म्हटलं तर दोन महिने अबोला. म्हणूनच वादिमला ते वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं तो कुणाचा, फक्त त्याला नव्हतं. आणि मी, गुरू म्हणवणारी, मला तर रोज दिसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्या दिवशी मी वही न घेता त्याच्या घरी गेले. तो परसात कुंपणाचा खांब रोवत होता, भोवतीची माती एका जाड लाकडानं ठोकून ठोकून बसवत होता. मी त्या लाकडाकडे बोट दाखवलं.

"हे कुठून आणलंस?"

"शेडमध्ये होतं. कोपऱ्यात. ठोकायला बरं पडतं."

"ते मुसळ आहे, वादिम. बस इथं. मी तुला एक नाव सांगणार आहे, आणि सांगितल्यावर माझ्यावर रागावायचं नाही."

मग सांगितलं. त्याच्या आजीचं नाव प्रिस्का. ओरिनाच्या जन्माच्या पाच-सहा वर्षं आधी, बत्तीस सालच्या उपासमारीच्या हिवाळ्यात धान्य न्यायला सरकारची माणसं आली, तेव्हा प्रिस्का हे मुसळ घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. एकटी. आत तीन पोरं. धान्य त्यांनी नेलंच, ते चारजण होते. पण त्यातल्या एकाचा हात जन्मभर वाकडा राहिला, आणि तो आमच्याच गावचा होता, म्हणून रोज सगळ्यांना दिसायचा. तेव्हापासून ते घर तोव्काचांचं. तोव्काच म्हणजे मुसळ. ओरिना शाळेत जायला लागली तेव्हा पोरं तिच्यामागे पायांनी धप् धप् करत चालायची. रडत घरी जायची ती. तिला वाटायचं, नावं सगळ्यांना चांगली, आपल्यालाच हे असलं.

मुसळ त्यानं मांडीवर घेतलं आणि त्याची माती बाहीनं पुसली.

"वर्षभर मी ह्यानं खांब ठोकतोय," तो म्हणाला. मग एकदम हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माकारिव्ना, म्हणजे मी तोव्काच?"

"तू तोव्काच," मी म्हटलं. "आणि मी मूर्ख. उद्यापासून माझ्याकडे यायचं नाही. झिन्काकडे जायचं."

असं म्हणताना माझ्या जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू? अडतीस वर्षं शिकवून माझा विद्यार्थी मी एका शेळीवालीच्या हवाली करत होते.

झिन्कानं त्याला वही दिली नाही, बादली दिली. शेळी धरायला लावली, गोठा झाडायला लावला, बायकांबरोबर बियाण्याचे बटाटे निवडायला बसवलं. "असं नाही म्हणत रे! तो शब्द पुस्तकातला. आपण असं म्हणतो." आणि "आईला 'तू' काय म्हणतोस? शहरातलं शहरात ठेव. आमच्याकडे आईला अहो म्हणतात, अहो!" मी जे घासून घासून काढलं होतं ते सगळं त्या बायकांनी पुन्हा त्याच्या जिभेवर चढवलं. मी कुंपणापलीकडून ऐकायची. पहिले आठ दिवस माझे कान दुखले. मग एक दिवस त्यानं शेळीला शिवी घातली, आणि ती इतकी ऐन विल्शांकाची होती की मला वाटलं माझे वडीलच बोलले. ती काही मी शिकवलेली नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात आमची गल्ली बटाटे लावते. एकेकट्यानं नाही, आज ह्याचं परस, उद्या त्याचं, सगळे मिळून. त्या दिवशी तोव्काचांची पाळी होती. ओरिनाला आम्ही नासपतीखाली बाकावर आणून बसवलं, अंगावर शाल. झाड फुलांनी पांढरं झालं होतं. पुरुष सरी ओढत होते, बायका बटाटे टाकत होत्या. मी कोपऱ्यात बियाणं कापत बसले होते. माझे गुडघे आता वाकत नाहीत, पण जीभ चालते, म्हणून मला बोलावतात.

वादिम एक सरी संपवून तिच्या बाकाजवळ आला. शर्ट घामानं भिजलेला, हात कोपरापर्यंत मातीनं काळे, टकलावर झिन्काचा जुना रुमाल बांधलेला. तो स्वतःशीच सऱ्या मोजत होता. अकरा, बारा, तेरा. आमच्या भाषेत. मी सुरी खाली ठेवली.

ओरिना त्याच्याकडे बघत होती. घाबरून नाही. डोळे बारीक करून, ओळखीचं काही शोधावं तशी.

"काय रे ए," तिनं हाक मारली. "कुणाचा रे तू?"

सगळ्या परसातलं काम थांबलं. झिन्कानं हातातली बादली खाली ठेवली नाही, तशीच धरून राहिली.

वादिमनं मातीचे हात विजारीला पुसले. गुडघ्यावर बसला. "तोव्काचांचा," म्हणाला.

"तोव्काचांचा?" तिचा चेहरा उजळला. "मग आमचाच की. तोव्काचांतला कुणाचा?"

"ओरिनाचा. प्रिस्काचा नातू."

ती हसली, मान हलवली. "फसवतोस होय रे? ओरिना तर मीच. माझा एकच पोरगा, वादिक. तो खार्किवला असतो. लिफ्ट चालवतो." मग आवाज खाली आणला, जणू गुपित सांगतेय. "पण त्याला आपलं बोलणं येत नाही. मीच नाही शिकवलं. मी कारखान्यात गेले ना, तेव्हा होस्टेलात पोरी मला हसायच्या. म्हणायच्या, बोल गं बोल, तुमच्याकडची गाय कशी हंबरते. मी म्हटलं, मला हसल्या तेवढं पुरे. माझ्या लेकराला कुणी हसायला नको." तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "चूकच झाली ती. आता मी त्याच्याशी बोलू कशी?"

मी आयुष्यात पुष्कळ तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. उत्तर माहीत असून ऐन वेळी अडखळणारी पोरं मी पाहिली आहेत. मला वाटलं हाही आता थांबणार. मनात म्हटलं, बोल रे, बोल, तुला येतंय.

"शिकलाय तो, आई," वादिम म्हणाला. "ऐका की. बोलतोय तुमच्याशी."

ओरिनानं हात पुढे करून त्याच्या डोक्यावरचा रुमाल मागे सारला, टक्कल चाचपलं, मग डाव्या कानामागे बोट नेलं. तिथं एक जुना व्रण आहे, लहानपणी जिन्यावरून पडल्याचा, हे मला नंतर कळलं. बोट तिथंच थांबलं.

"केस कुठे गेले रे तुझे?" ती म्हणाली.

"गेले, आई. अभ्यास करून गेले."

परसात कुणीतरी हुंदका दिला, झिन्काच असणार, ती नाकारते. ओरिनानं एप्रनच्या खिशात हात घातला. लपवलेला पाव बाहेर काढला. सकाळचा, वाळलेला. दोन तुकडे केले, मोठा त्याच्या मातीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. सकाळपासून राबतोयस." तो खायला लागला, आणि उरलेला तुकडा ती स्वतः खात बसली, त्याच्यासमोर, त्याच्याकडे बघत. वर्षभर जी त्याच्यासमोर घास घेत नव्हती ती.

मग तिनं मान वर केली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंत का गं? हा माझा वादिक! तोव्काचांचा! कसा बोलतो बघा, आपल्यासारखा!"

"ऐकलं, ऐकलं," झिन्का ओरडली. "आता सोडा त्याला, सोळा सऱ्या बाकी आहेत!"

दुपारी जेवणं झाल्यावर मी त्याची ती पहिली वही मागून घेतली, जिच्यात लाल शाईशिवाय काही दिसत नाही. शेवटच्या पानावर बारा लिहिले, खाली सही केली. तो बघत राहिला. म्हणाला, "माकारिव्ना, पण मी आज दोन शब्द चुकलो. मला कळलं होतं."

"मलाही कळलं होतं," मी म्हटलं. "गप्प बस आणि वही नीट ठेव."

संध्याकाळपर्यंत ओरिना विसरली. तसं होणारच होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध घेऊन गेला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "कुणाचा रे तू?" त्यानं पुन्हा सांगितलं, आणि तिनं पेला त्याच्याच हातून घेतला. आता दीड वर्ष झालं. तिची मनगटं भरली आहेत. ती रोज विचारते, कधी दिवसातून चारदा, आणि तो कधी कंटाळत नाही. शेड झाडायचं काम असो की छप्पर दुरुस्तीचं, हातातलं टाकून येतो, ताठ उभा राहतो आणि सांगतो. मी बाकावर बसलेली असते, दोन घरं पलीकडे. मला रोज ऐकू येतं.